रुग्णालयाचा पुरवठादार: आधी चाळणी, मग तराजू

पेणच्या अलीकडे हमरापूर स्टेशनात उतरलं की जोहे, तांबडशेत, कळवे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं लागतात. इथला कारखानदार माल कुणाकडून घ्यायचा हे कसं ठरवतो, ते पाहण्यासारखं आहे. शाडू, प्लॅस्टर, काथ्या, रंग यांचे व्यापारी अनेक आणि भावात फरक थोडाच. पण ऐन आषाढात माल अडकवणारा व्यापारी पुढच्या वर्षी यादीतून जातो. मूर्तीचा रंग उडाल्याची तक्रार गिऱ्हाइकाकडून आली, तर तो रंगवाला कितीही स्वस्त असला तरी बाद होतो. उधारीवर कोण किती थांबतो हेही मोजलं जातं, कारण पैसा हाती येतो तो भाद्रपदाच्या तोंडावर. भाव, दर्जा, वेळ आणि उधारी या चार गोष्टींचा हिशेब कारखानदार मनातल्या मनात करतो. तो बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण चूक झाली तर नुकसान त्याचं स्वतःचं असतं आणि ते त्याच हंगामात दिसतं.

जोह्यातलाच माणूस आजारी पडून पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात, अलिबागला किंवा पनवेलकडे दाखल होतो, तेव्हा त्याच्या शिरेत जाणारं सलाईन कुणाचं हे त्याने निवडलेलं नसतं. दर ठरवणारा एका कार्यालयात, बिल मंजूर करणारा दुसऱ्या, बाटली लावणारी परिचारिका तिसऱ्या ठिकाणी, आणि परिणाम भोगणारा खाटेवर. यातल्या कुणालाही पूर्ण चित्र दिसत नाही. म्हणून रुग्णालयाच्या खरेदीला मनातला हिशेब पुरत नाही, तो कागदावर मांडावा लागतो. गेल्या साठ वर्षांत जगभर या मांडणीच्या बऱ्याच पद्धती निघाल्या. त्यांतल्या कोणत्या आपल्याकडच्या रुग्णालयांच्या कामाच्या आणि कुठे त्या तोकड्या पडतात, याचा हा आढावा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पहिलं नाव घ्यावं लागतं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी रसायन मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा हे प्रकरण एका भेसळीवर थांबलं नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाची तपासणी आणि मंत्रालयातले हितसंबंध या तिन्ही ठिकाणची कीड अहवालात उघडी पडली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. खरेदीच्या दृष्टीने यातला धडा नेमका आहे: पुरवठादार कोण, त्याला माल कुठून मिळतो, तो स्वतः उत्पादक आहे की नुसता डबे बदलणारा, हे प्रश्न दर उघडण्याआधी कुणीतरी विचारायला हवे होते.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या नमुन्यात औषधच नव्हतं. पुढे २०२४ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, आणि रीतसर निविदेच्या वाटेनेच त्या सरकारी रुग्णालयांत पोचल्या होत्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतली अनेक नागपुरात उपचारासाठी आणलेली होती. औषधाच्या तपासणीत निघालं तेच डायएथिलीन ग्लायकॉल, ४८.६ टक्के. ती बाटली सरकारी निविदेतली नव्हती, खाजगी बाजारातली होती. तरी जे. जे. प्रकरणाला जवळपास चाळीस वर्षं होत असताना तेच विष पुन्हा औषधाच्या बाटलीत सापडावं, याचा संताप येतो.

आपल्याकडची रूढ पद्धत एल-वनची. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला काम. या पद्धतीला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. ती आली ती वशिल्याला आळा घालायला. आकडा सगळ्यांना दिसतो, त्यावर वाद होत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. ‘दर्जा चांगला वाटला म्हणून महागाचा घेतला’ असं लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला पुढची दहा वर्षं उत्तरं देत बसावं लागतं, हेही खरं. अडचण अशी की या पद्धतीचा सगळा भार पहिल्या लिफाफ्यावर येतो. तो ढिला असेल तर उरलेली सगळी शिस्त फक्त स्वस्त माल शोधण्याच्या कामी येते.

दराखेरीज दुसऱ्या गोष्टी मोजायच्या ही कल्पना नवी नाही. १९६६ मध्ये डिक्सन या अमेरिकी अभ्यासकाने खरेदी अधिकाऱ्यांना २३ निकषांची यादी पाठवून महत्त्व विचारलं. १७० जणांची उत्तरं आली. पहिला दर्जा, दुसरा वेळेवर पुरवठा, तिसरा पुरवठादाराचा आजवरचा इतिहास. किंमत सहाव्या क्रमांकावर होती. अर्थात महत्त्वाचं काय हे सांगणं सोपं, ते निवडीत उतरवणं अवघड.

ते उतरवायची सर्वांत गाजलेली रीत थॉमस साटी यांची. मोसूलला जन्मलेले साटी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या निःशस्त्रीकरणाच्या कामात होते. मोठमोठे तज्ज्ञ एका टेबलाशी बसूनही नेमकं कशाला किती महत्त्व द्यायचं हे ठरवू शकत नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यातून सत्तरच्या दशकात ‘अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस’ म्हणजे श्रेणीबद्ध विश्लेषणाची पद्धत आली. तिचं मर्म साधं आहे. दहा निकषांना एकदम गुण द्यायला सांगितलं की माणूस गोंधळतो. दोनच समोर ठेवून ‘यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं, आणि किती पट?’ असं १ ते ९ च्या मापात विचारलं की तो बऱ्यापैकी नीट सांगतो.

एक उदाहरण करून पाहू. आकडे कल्पित आहेत, गणित खरं आहे. पन्नास खाटांच्या रुग्णालयाला वर्षभराचं सलाईन घ्यायचं आहे. वैद्यकीय अधीक्षक, औषधनिर्माण अधिकारी, अधिसेविका आणि लेखापाल बसले. दर्जा वेळेपेक्षा दुप्पट महत्त्वाचा, वेळ किमतीपेक्षा तिप्पट, दर्जा किमतीपेक्षा पाचपट, असं त्यांचं ठरलं. या तीन उत्तरांतून वजनं निघतात: दर्जा ५८ टक्के, वेळ ३१, किंमत ११. दुप्पट आणि तिप्पट असं म्हटल्यावर तिसरं उत्तर सहापट यायला हवं होतं, ते पाचपट आलं. एवढी विसंगती पद्धत खपवून घेते. ती मोजायचं गुणोत्तर साटींनी दिलं आहे, आणि ते ०.१० च्या वर गेलं की चर्चा पुन्हा करावी लागते. मला या पद्धतीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बैठकीत आपलंच बोलणं आपल्याशी जुळतंय का, हे इथे कुणाला न दुखावता कागदच दाखवतो.

आता तीन पुरवठादार. ‘अ’ सर्वांत स्वस्त: दर्जाला १०० पैकी ६०, वेळेला ७०, किमतीला १००. ‘ब’ ला अनुक्रमे ९०, ६०, ८०. ‘क’ ला ८५, ९५, ७०. वरची वजनं लावली की ‘क’ ८६ च्या वर जातो, ‘ब’ ला जवळपास ८०, ‘अ’ ला साडेसदुसष्ट. हेच वजन किमतीला ७०, दर्जाला २० आणि वेळेला १० असं केलं तर ‘अ’ ८९ घेऊन पहिला, ‘ब’ ८० आणि ‘क’ तळाला. माल तोच, माणसं तीच, क्रम पूर्ण उलटा. म्हणून वजनं कुणी आणि केव्हा ठरवली हाच खरा प्रश्न. लिफाफे उघडल्यावर ठरवली तर ही पद्धत वशिल्याचं नवं साधन होते. निविदेतच छापली तर तिला एल-वनइतकीच पारदर्शकता येते. आणखी एक तपासणी अवश्य करावी. दर्जा आणि वेळ यांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून किमतीचं वजन हळूहळू वाढवत न्यावं. आपल्या उदाहरणात ते ४५ टक्क्यांपर्यंत नेलं तरी ‘क’ पहिलाच राहतो. म्हणजे निवड भक्कम आहे. दोन-चार टक्क्यांत क्रम बदलत असेल, तर तो निकाल नुसत्या कौलासारखा आहे हे समितीने कबूल करून ऑर्डर दोघांत वाटावी.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. १९८१ मध्ये ह्वांग आणि यून यांनी मांडलेली ‘टॉप्सिस’ आदर्श पुरवठादार आणि सर्वांत वाईट पुरवठादार अशी दोन टोकं कल्पून प्रत्येकाचं त्यांच्यापासूनचं अंतर मोजते. डेल्फ्टच्या जाफर रेझाई यांची २०१५ मधली ‘बेस्ट-वर्स्ट’ पद्धत फक्त सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा निकष धरून तुलना करते. आठ निकषांना साटींच्या रीतीने २८ प्रश्न विचारावे लागतात, रेझाईंच्या रीतीने १३. ओपीडी संपवून बैठकीला येणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ‘थोडं बरं’, ‘खूपच चांगलं’ असल्या धूसर उत्तरांना अंकांच्या पट्ट्यात बसवणाऱ्या ‘फझी’ पद्धतीही भरपूर आहेत. त्यांवर शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यांतल्या पुष्कळ निबंधांत चार-पाच तज्ज्ञांचे गुण, एक सुबक तक्ता आणि एक विजेता पुरवठादार एवढंच असतं. निवडलेल्या पुरवठादाराने वर्षभरात माल कसा दिला, हे तपासायला कुणी परत गेलेलं क्वचित दिसतं. रुग्णालयाला गरज आहे ती नेमकी या परत जाण्याची.

या सगळ्या बेरजेच्या पद्धतींत एक मुळातली खोट आहे. एका निकषातली उणीव दुसऱ्यातल्या गुणाने भरून निघते असं त्या मानतात. खुर्च्या, चादरी, झाडूपोछा यांना हे चालेल. औषधाला चालत नाही. ग्लिसरॉलमधलं विष वेळेवर पोचलं आणि स्वस्तात पोचलं म्हणून त्याचे गुण वाढत नाहीत. फ्रान्सच्या बर्नार रॉय यांनी साठच्या दशकात ‘इलेक्ट्रे’ ही पद्धत काढली, तिच्यात नकाराधिकाराची मर्यादा आहे. एखाद्या निकषात फारच मागे असलेला पर्याय बाकी सगळ्यांत पुढे असला तरी पहिला येऊ शकत नाही. माझ्या मते आपल्या रुग्णालयांनी रॉय यांच्याकडून एवढी एक गोष्ट घेतली तरी बरंच साधेल. उत्पादनाचा वैध परवाना, बॅचनिहाय चाचणी अहवाल, कच्च्या मालाच्या स्रोताचा कागद, गेल्या काही वर्षांत ‘अप्रमाणित’ ठरलेल्या बॅचेस, उत्पादनस्थळाची प्रत्यक्ष पाहणी यांना वजन देऊच नये. यांत जो नापास, तो तराजूपर्यंत पोचताच कामा नये. चाळणी कडक असली की मागे राहणाऱ्या चार-पाचांत किमतीला थोडं जास्त वजन दिलं तरी जिवाला धोका उरत नाही.

वेळेवर पुरवठा हा निकष पुस्तकांत एका ओळीत येतो. रायगडात त्यावर थांबावं लागतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून रखडत गेलं. नागोठण्यात अंबा चढते, रोह्यात कुंडलिका, महाडात सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये महाड शहरच पाण्याखाली गेलं. भिवंडीच्या गोदामातून ‘४८ तासांत पुरवठा’ असं लिहून देणाऱ्याचे ते ४८ तास कोणत्या महिन्यातले, हे निविदेत विचारलं पाहिजे. पेण-रोह्याच्या रुग्णालयाने वेळेचे गुण वर्षाच्या सरासरीवर न देता जून ते सप्टेंबरच्या नोंदींवरच द्यावेत. शिवाय ज्याचा माल पावसाआधी जिल्ह्यात येऊन पडतो, त्याला वेगळे गुण असावेत. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. भाजलेले, वायूने गुदमरलेले रुग्ण अचानक येतात. त्यांना लागणाऱ्या वस्तूंसाठी महिन्याच्या इंडेंटची वाट पाहून भागत नाही.

ऑक्सिजनने हे सर्वांत कठोरपणे शिकवलं. १९ एप्रिल २०२१ ला याच जिल्ह्यातल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. त्याच काळात पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन रुग्णालयांसाठी बाहेर पडत होता. जवळ उत्पादन असणं आणि ते आपल्या खाटेपर्यंत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे भरणा केंद्र असतं, टँकर असतो, सिलिंडरची संख्या असते. एकाच भरणा केंद्रावर अवलंबून असलेल्या लहान नर्सिंग होमची तेव्हा काय गत झाली, ते त्या महिन्यात नातेवाइकासाठी सिलिंडर शोधत फिरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अशा वस्तूसाठी ‘उत्तम पुरवठादार कोण’ हा प्रश्नच अपुरा पडतो. दोन वेगळ्या वाटांनी येणारे दोन पुरवठादार कोण, असं विचारावं लागतं. ऑर्डर सत्तर-तीस वाटली तर दर थोडा चढतो, आणि तो चढावा.

काही वस्तूंत निवडीला जागाच कमी असते. सर्पदंशाची लस घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी लस देशात मोजक्या कंपन्या करतात, त्यांत आपली हाफकिनही आहे. कोकणात फुरसं भरपूर, आणि दंश झालेला माणूस तालुक्यापर्यंत पोचेतो वेळ गेलेला असतो. इथे दहा निकषांचा तक्ता मांडून फारसं हाती लागत नाही. एक बाब मात्र निर्णायक ठरते: लस द्रवरूप की भुकटी. द्रवरूप लसीला २ ते ८ अंशांचं शीतकपाट अखंड लागतं, भुकटी त्या मानाने सोशीक. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असणाऱ्या आरोग्य केंद्रासाठी कोणती घ्यावी, हे तिथल्या परिचारिकेला कोणत्याही समितीपेक्षा आधी कळतं. निकष ठरवण्याच्या बैठकीत ती का हवी, याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग जगासमोर मांडणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर याच जिल्ह्यातले. खेड्यातल्या खाटेशेजारी केलेल्या नोंदींतून ते संशोधन उभं राहिलं. खरेदीच्या नोंदीही त्याच चिकाटीने ठेवता येतात.

संस्थात्मक पातळीवर दाखला द्यावा तो तमिळनाडूचा. १९९४ मध्ये स्थापन झालेलं तिथलं वैद्यकीय सेवा महामंडळ दर कमी आणतं म्हणून गाजलं, पण त्याचं खरं बळ खरेदीनंतरच्या शिस्तीत आहे. गोदामात आलेल्या मालाचे बॅचनिहाय नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळांकडे जातात. अहवाल चांगला आला तरच माल रुग्णालयांना सुटतो. प्रत्येक रुग्णालयाचं पासबुक असतं, त्यातून तेवढ्या रकमेची औषधं ते उचलतं. नापास पुरवठादार काळ्या यादीत जातो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी लागणारे गुण तिथे रोजच्या कामातूनच तयार होत असतात.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. विलंबाच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, पण खरेदीचा प्रश्न राज्याच्या चर्चेत आला तो असा. एकवटलेल्या खरेदीत दर उतरतो आणि तज्ज्ञ परवडतात. उलट ती अडली की सगळ्या जिल्ह्यांत एकदम अडते, आणि मग रुग्णालयं लोकल परचेसवर येतात. या स्थानिक खरेदीत दरपत्रकं तीन असतात आणि चाळणी बहुधा एकही नसते. म्हणून प्राधिकरणाने मोठ्या निविदांइतकंच लक्ष या छोट्या खरेदीच्या नमुना-तक्त्याकडे द्यायला हवं. केंद्राच्या अर्थ खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामं आणि सेवांच्या निविदांत दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला वाट मोकळी केली. रुग्णालयाची स्वच्छता, धुलाई, यंत्रांची देखभाल अशा सेवांसाठी राज्यातही याच धर्तीवर विचार व्हावा.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. १९८३ मध्ये बेल्टन आणि गिअर यांनी दाखवलं की साटींच्या पद्धतीत असलेल्याच पर्यायाची हुबेहूब नक्कल यादीत घातली, तर वरचे दोघे आपसात जागा बदलू शकतात. आपल्याकडे डमी निविदा भरणं ही माहीत असलेली युक्ती आहे. गुण जर एकमेकांच्या तुलनेने दिले जात असतील, तर एक डमी माणूस पूर्ण निकाल फिरवू शकतो. उपाय अवघड नाही. गुणांची मापं आधीच ठोकून द्यावीत: मागणीच्या ९५ टक्के माल मुदतीत आला तर अमुक गुण, ८५ टक्के आला तर तमुक. मग शेजारी कोण उभा आहे यावर कुणाचे गुण हलत नाहीत.

हे गुण येणार कुठून, तर भांडारातल्या नोंदवहीतून. मागणी दिल्याची तारीख, माल आल्याची तारीख, मागितला किती, आला किती, बॅच क्रमांक, येताना मुदत किती उरली होती, वॉर्डातून तक्रार काय आली. ही माहिती आजही तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते, ई-औषधीसारख्या संगणक प्रणालीत भरलीही जाते, पण निवडीच्या बैठकीला ती टेबलावर नसते. तिच्यात एक रकाना मी वाढवीन: बिल मिळाल्याची आणि पैसे दिल्याची तारीख. २०१७ मध्ये गोरखपूरच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजन तुटला, तेव्हा पुरवठादाराची लाखो रुपयांची थकबाकी होती. आठ-आठ महिने पैसे अडकणार असतील, तर चांगला उत्पादक निविदा भरतच नाही, आणि जो भरतो तो व्याज दरात मिळवून भरतो. त्या रकान्यातला आकडा तीस दिवसांच्या आत आणता आला, तर पुढच्या निविदेला चाळणीतून पार होणारे पुरवठादार जास्त येतील आणि त्यांचे दरही उतरलेले असतील.